मेंढा (लेखा): चार दिवस आणि पुढे जाणाऱ्यांसाठी थोडं

सातारा जिल्ह्यातल्या माण तालुक्यात तीन वाड्यांमध्ये आम्ही काही मित्रमैत्रिणी गेली सहा वर्षं काम करतो. पगारी माणूस एकही नाही. कुणी शिक्षक, कुणी बँकेत, कुणाचं दुकान, आणि सगळं काम शनिवार-रविवारी. शेळ्या दिल्या, शिलाई मशीन दिल्या, रोपं लावली. मागच्या दिवाळीत एका वाडीत गेलो तर बारातल्या नऊ मशीन पोत्याखाली झाकून ठेवलेल्या दिसल्या. त्या रात्री आमच्यात बरीच बोलाचाली झाली आणि शेवटी ठरलं की आता नवीन काही वाटण्याआधी मेंढ्याला जाऊन यायचं.

मेंढा म्हणजे गडचिरोली जिल्ह्यातल्या धानोरा तालुक्यातलं गोंड आदिवासींचं गाव. शेजारच्या लेखा गावाच्या नावासह ते मेंढा (लेखा) असं ओळखलं जातं. जेमतेम शंभराच्या आसपास घरं, पण भोवतीचं सुमारे अठराशे हेक्टर जंगल या गावाच्या ग्रामसभेच्या ताब्यात आहे. जंगलात राहणाऱ्यांचे जंगलावरचे हक्क मान्य करणाऱ्या वनहक्क कायद्याखाली सामूहिक हक्क मिळालेल्या देशातल्या पहिल्या गावांपैकी हे एक, साल २००९. ‘दिल्ली-मुंबईत आमचं सरकार, आमच्या गावात आम्हीच सरकार’ ही घोषणा इथलीच.

प्रवासाचं आधी सांगून टाकते. पुण्याहून रात्रीच्या गाडीने नागपूर, तिथून एसटीने गडचिरोली. नागपूर-गडचिरोली एसटीत चार-पाच तास धरून चला. रेल्वेनेच जवळ पोचायचं असेल तर देसाईगंज, म्हणजे सगळे म्हणतात ते वडसा स्टेशन. गडचिरोलीत रात्री मुक्काम करून सकाळी धानोऱ्याची एसटी पकडणं उत्तम. गाव तिसेक किलोमीटरवर आहे, रस्ता चांगला आहे आणि दोन्ही बाजूंना जंगल. अंधार पडल्यावर या रस्त्याने प्रवास टाळा, बेत दिवसाउजेडीचाच ठेवा. पैसे गडचिरोलीतच काढून घ्या, पुढे यंत्राच्या भरवशावर राहू नका.

आम्ही जानेवारीत गेलो. पहाटे कडाक्याची थंडी असते, स्वेटरवर शाल लागते. दुसरा चांगला काळ मार्च-एप्रिलचा, तेव्हा मोहफुलं वेचायची लगबग असते. ऊन मात्र सोसावं लागतं. मेमध्ये तेंदूपत्ता चालू झाला की घरटी सगळी माणसं पहाटेपासून जंगलात असतात आणि दुपारी सत्तर-सत्तर पानांचे पुडे बांधत बसतात. त्या दिवसांत पाहुण्यांनी जाऊन त्यांचा वेळ खाऊ नये. पावसाळ्यात आणि त्यानंतर जाणार असाल तर मच्छरदाणी न विसरता न्या. हा मलेरियाचा जिल्हा आहे. परतल्यावर दोन-तीन आठवड्यांत ताप आला तर डॉक्टरांना गडचिरोलीला जाऊन आल्याचं आधी सांगा.

आता खरं सांगायचं ते. आम्ही जाण्याआधी महिनाभर निरोप पाठवला होता. का यायचं, किती जण, किती दिवस, काय समजून घ्यायचंय, असं सगळं लिहून. ते आम्ही उपचार म्हणून केलं होतं, पण तिथे गेल्यावर कळलं की तोच पत्राचा कागद गावातल्या लोकांनी वाचलेला होता आणि आमचा प्रश्न त्यांच्या लक्षात होता. पहिल्याच संध्याकाळी एका वयस्कर भाऊंनी विचारलं, “त्या मशीन कोणी मागितल्या होत्या जी?” आम्ही पाचही जण एकमेकांकडे बघत राहिलो. मागितल्या कुणीच नव्हत्या. एका देणगीदारांना द्यायच्या होत्या.

आम्ही सोबत वह्या-पेनांची दोन खोकी नेली होती, शाळेतल्या मुलांना वाटायला. त्यांनी ती नाकारली नाहीत, पण “ग्रामसभेत ठेवू, मग बघू” म्हणाले. मुलांच्या हातात वही देतानाचा फोटो काढायचा राहिला, आणि ते बरंच झालं. तुम्ही जाल तेव्हा वाटायला काही नेऊ नका. न्यायचंच असेल तर आपल्या गावचा एखादा अनुभव, एखादा शासन निर्णय नीट समजून घेऊन, किंवा जुन्या बियाण्याची मूठभर पुरचुंडी न्या.

या गावाची गोष्ट सांगताना ‘वृक्षमित्र’ या संस्थेचा आणि मोहन हिराबाई हिरालाल यांचा उल्लेख होतोच. मोहनभाऊ जयप्रकाशांच्या आंदोलनातून आलेले. जानेवारी २०२५ मध्ये ते गेले. त्यांच्या हयातीत आम्ही इथे आलो नाही याची खंत मला राहील. ऐंशीच्या दशकात इंचमपल्ली आणि भोपालपटनम या धरणांविरुद्ध ‘जंगल बचाव, मानव बचाव’ आंदोलन उभं राहिलं, बाबा आमटे त्यात होते, आदिवासी नेते लालश्याम शाह होते. ‘मावा नाटे मावा राज’, म्हणजे आमच्या गावात आमचं राज्य, हा गोंडी विचार त्या काळातला. धरणं थांबली. त्यानंतर, आपल्या गावात आपलं राज्य हे एखादं गाव खरोखर करून बघतंय का, याचा शोध घेत वृक्षमित्र मेंढ्यापर्यंत पोचली. गावात देवाजी तोफा यांच्यासारखी माणसं होती.

आणि संस्थेने इथे काय वाटलं? काही नाही. तिने माहिती आणली आणि गावाबरोबर बसून अभ्यास केला. मेंढ्याचा अभ्यासगट तो हाच. एखादा विषय घ्यायचा, ज्यांना यायचं त्यांनी यायचं, बाहेरच्या जाणकाराला बोलवायचं, प्रश्न विचारायचे. अभ्यासगटात निर्णय होत नाही; निर्णय फक्त ग्रामसभेत, आणि तोही सर्वसहमतीने. बहुमत नाही. एकाही माणसाचं मन तयार नसेल तर विषय पुढे ढकलतात, त्या माणसाचं ऐकतात, पुन्हा बसतात. आमच्यातल्या एकाने विचारलं की असं केल्याने कामं रखडत नाहीत का. एक ताई म्हणाली, “रखडतात. पण मग मोडत नाहीत.” मला हे वाक्य माझ्या वहीत लिहून ठेवावंसं वाटलं आणि मी ठेवलं.

आमच्या मुक्कामात एक बैठक होती, आम्हाला मागच्या बाजूला बसायची परवानगी मिळाली. बायका पुरुषांच्या मागे नव्हत्या, अर्ध्या जागेत बसल्या होत्या. बोलणं गोंडीत, मधेच मराठीत. अडीच तासांत एका विषयावर चर्चा झाली आणि तो विषय संपला नाही. आपल्याकडे अजेंड्यावर अकरा विषय असतात, चहा येईपर्यंत सगळे मंजूर. बैठकीत बसायला मिळालं तर फोन पिशवीत ठेवा, चित्रीकरण करू नका, आणि कुणी विचारल्याशिवाय सल्ला देऊ नका. गोटुलाच्या, म्हणजे गोंडांच्या एकत्र जमण्याच्या, जागी तर विचारल्याखेरीज फोटोच काढू नये.

तिसऱ्या दिवशी बांबूच्या तोडीवर गेलो. हे मला सगळ्यात जवळून पाहायला मिळालं म्हणून जरा सविस्तर लिहिते. इथला बांबू मुख्यतः मानवेल. त्याच्या बेटाला इथे रांजी म्हणतात. माझ्याबरोबरचे दादा एका रांजीपाशी थांबले, पण लगेच कुऱ्हाड चालवली नाही. आधी तिच्याभोवती एक फेरी मारली. यंदाचा कोवळा बांबू हिरवागार असतो, पेरांवर वाळक्या सालीची टोपरं अजून चिकटलेली असतात. त्याला हात लावायचा नाही. नवे कोंब, म्हणजे वास्ते, रांजीच्या बाहेरच्या कडेने फुटतात, म्हणून कडेचे बांबू राखायचे आणि जुने, आतले काढायचे. आत शिरायला एका बाजूने वाट करायची. घाव जमिनीपासून थोडा वर, पेराच्या गाठीच्या लगेच वर घालायचा. खाली नळीसारखा खड्डा राहिला तर त्यात पावसाचं पाणी साचून बुंधा कुजतो. दादांनी एक जुनं, चुकीचं तोडलेलं खोड दाखवलं, आत काळं पडलेलं होतं. “हे कोणी तोडलं?” मी विचारलं. “आमच्या आधी,” ते म्हणाले, आणि पुढच्या रांजीकडे गेले.

त्या ‘आमच्या आधी’मध्ये मोठा इतिहास आहे. पूर्वी इथला बांबू कागद कारखान्याला भाडेपट्ट्याने जात असे, गावकऱ्यांच्या वाट्याला मजुरी. २००९ मध्ये हक्क मिळाले, तरी बांबू विकायला काढल्यावर वाहतूक परवान्याचा प्रश्न उभा राहिला, कारण १९२७ च्या वन कायद्यात बांबू झाड म्हणून धरलेला. वनहक्क कायद्यात मात्र गौण वनोपजाच्या, म्हणजे लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या वस्तूंच्या, व्याख्येतच बांबूचं नाव स्पष्ट लिहिलेलं आहे. गावाने तो कायदा ओळ न् ओळ वाचला होता, त्यामुळे ते मागे हटले नाहीत. एप्रिल २०११ मध्ये तेव्हाचे केंद्रीय पर्यावरणमंत्री जयराम रमेश आणि मुख्यमंत्री पृथ्वीराज चव्हाण गावात आले आणि परवाना देण्याचा अधिकार ग्रामसभेकडे आला. आज बांबू विकायचा तर ग्रामसभा बोली मागवते, पैसे ग्रामसभेच्या खात्यात येतात, मजुरी हिशोबाने दिली जाते. अभ्यासाची कमाई काय असते ते मला इथे कळलं. कुणी वकील फी घेऊन लढला असता तर कदाचित परवाना मिळाला असता, पण कलम कुठलं हे गावाला कळलं नसतं.

मधाचंही असंच. आग्या मोहोळाला धूर-जाळ करून मध काढायची जुनी रीत सोडून, माश्या न मारता फक्त मधाचा भाग कापून घ्यायचा, पिल्लांचा भाग तसाच ठेवायचा, हे गावातल्या लोकांनी वर्ध्याहून आलेल्या जाणकारांकडून शिकून घेतलं.

राहण्या-जेवण्याचं म्हणाल तर गाव देईल तिथे राहायचं, गाव देईल ते खायचं. भात, वरण, अंबाडीची भाजी, पानांच्या पत्रावळीवर. शाकाहारी असाल तर आधी सांगा, कुणी वाईट मानत नाही. खर्चाचे पैसे ग्रामसभेकडे द्या, रीतसर पावती घ्या. एखाद्या घरात हळूच नोटा सरकवू नका, त्याने त्या घराची अडचण होते. भेटल्यावर ‘जोहार’ म्हणा. पायात बंद बूट, अंगात पूर्ण बाह्यांचे कपडे, प्यायला पाण्याची मोठी बाटली, रात्रीसाठी विजेरी. किमान तीन दिवस काढा. सकाळी येऊन संध्याकाळी जाणाऱ्या गाड्या इथे पुष्कळ येतात, आणि त्यांना घोषणेची पाटी तेवढी दिसते.

सरकारी नोकरदार, कॉलेजची मुलं, आमच्यासारख्या हौशी संस्था, सगळेच इथे येतात. पण ज्यांच्या गावाला स्वतःचं जंगल आहे त्यांनी जास्त यावं असं मला मनापासून वाटतं. अशा मंडळींसाठी एवढंच सांगते: सामूहिक वनहक्काचा दावा ग्रामसभेतूनच सुरू होतो, ग्रामसभेने वनहक्क समिती नेमायची, तिने पुरावे गोळा करायचे, पुढे उपविभागीय आणि जिल्हा समिती. पुराव्यात गावातल्या जाणत्या माणसांचा जबाबही चालतो. म्हणून म्हाताऱ्या माणसांना आत्ताच बोलतं करा, शिवारातल्या जागांची जुनी नावं, देवांची ठिकाणं, गुरांच्या वाटा लिहून घ्या. ते थांबायला तयार असतात, वय थांबत नाही.

आमच्या माणमध्ये जंगल नाही, माळ आहे. त्यामुळे मेंढ्याचं उचलून इथे लावता येणार नाही, हे परतीच्या गाडीतच आमच्या लक्षात आलं होतं. २०१३ मध्ये त्यांनी सगळी शेतजमीन ग्रामदान कायद्याखाली ग्रामसभेच्या नावे करायचा ठराव केला, तशी कल्पना आमच्याकडे नुसती बोलून दाखवली तरी भाऊबंदकी उठेल. पण दर पंधरा दिवसांनी बसणं आम्हाला जमण्यासारखं आहे.

आल्यावर पहिल्या वाडीत मारुतीच्या देवळात बसलो. आम्ही पाच जण मुद्दाम मागे, खांबाला टेकून. अकराजणी आल्या, सात पुरुष आले. अर्धा तास कुणी बोललं नाही आणि आम्हीही बोललो नाही, जे आमच्या सवयीत मुळीच नव्हतं. मग एकीने मशीनचा विषय काढला. शिलाईला या भागात गिऱ्हाईक नाही, हे त्यांना पहिल्या दिवसापासून माहीत होतं. दूध गोळा करणारी गाडी वाडीपर्यंत यावी ही त्यांची अडचण होती. मशीन विकायच्या का, यावर दोघीजणी तयार नव्हत्या. विषय तसाच ठेवला. पुढची बैठक अमावास्येनंतरच्या सोमवारी आहे.