एकोणीस किलो पाणी

ऑक्टोबर महिन्यातल्या ज्या संध्याकाळी आमच्या नौकेची सुरमई हर्णैच्या लिलावात नाकारली गेली, त्या संध्याकाळी मी मनातल्या मनात तांडेलाला, म्हणजे नौकेच्या प्रमुखाला, दोष दिला होता. खरा दोष बर्फाच्या पेटीचा होता, हे कळायला दुसऱ्या दिवसाची सकाळ उजाडावी लागली.

नौका दोन रात्री समुद्रात होती. सुवर्णदुर्गाजवळ नांगर टाकल्यावर माल नेहमीप्रमाणे आधी होडीतून आणि मग बैलगाडीतून वाळूवर आला. आमच्याकडे बर्फाच्या दोन पेट्या होत्या. दोन्ही फायबरच्या, दोनशे लिटरच्या, भिंतीत पाच सेंटिमीटर पफ (उष्णता अडवणारा पॉलियुरेथेनचा फोम) भरलेल्या आणि एकाच कारागिराकडून एकाच दिवशी करून घेतलेल्या. पहिल्या पेटीतल्या सुरमईला चांगला भाव मिळाला. दुसरीचे झाकण उचलले तेव्हा मात्र आत बर्फाचा खडासुद्धा शिल्लक नव्हता आणि तळाला लालसर, कोमट पाणी साचलेले होते. आमचा माल वर्षानुवर्षे घेणाऱ्या व्यापाऱ्याने एका माशाचा कल्ला उचलून पाहिला, तो तपकिरी पडला होता. पाठीवर अंगठा दाबला, तो खळगा तसाच राहिला. "भाऊ, ही पेटी मला नको," एवढेच तो म्हणाला आणि पुढच्या ढिगाकडे वळला.

किनाऱ्यावर मासळी विकणाऱ्या एक मावशी पुढे आल्या. "दादा, अर्ध्या भावात दे, मीठ लावून सुकवीन," असे त्यांनी सुचवले. मी नाही म्हणालो. सुरमई, बांगडा, कुपा (ट्यूना) यांसारखी मासळी उष्णतेत राहिली की तिच्या अंगात जिवाणूंमुळे हिस्टामाइन तयार होते, आणि एकदा तयार झालेले हिस्टामाइन शिजवून, गोठवून किंवा मीठ लावून जात नाही. खाणाऱ्याचे तोंड लाल होते, अंगावर गांधी उठतात, डोके ठणकते. साठ किलो सुरमई मासळीची भुकटी करणाऱ्या कारखान्याकडे गेली. तिला वाळूवरून उचलून टेम्पोत टाकताना खलाशांपैकी कोणीही बोलत नव्हते.

रात्री मी तांडेलकाकांना विचारले, "काका, बर्फ किती घातला होता?" त्यांना प्रश्नातला संशय कळला असावा. "दोन्हींत सारखाच, सत्तर-सत्तर किलो. मी स्वतः उभा राहून भरलाय," असे ते शांतपणे म्हणाले. घरी येऊन मी हिशेब मांडला. एक किलो बर्फ वितळताना सुमारे ऐंशी किलोकॅलरी उष्णता शोषून घेतो. अठ्ठावीस अंशांची साठ किलो मासळी शून्याजवळ आणायला सतरा-अठरा किलो बर्फ पुरतो. उरलेला पन्नासेक किलो फक्त भिंतींतून आणि झाकणातून आत शिरणाऱ्या उष्णतेशी झुंजण्यासाठी असतो. पाच सेंटिमीटर कोरडा पफ असेल, तर एवढ्या पेटीत दिवसाला दहा-बारा किलोहून फार बर्फ जाऊ नये. म्हणजे काका खरे बोलत असतील, तर भिंत खोटे बोलत होती.

सकाळी दोन्ही पेट्या रिकाम्या करून, धुऊन, निथळून वजनकाट्यावर ठेवल्या. पहिली अडतीस किलो भरली. दुसरी सत्तावन्न. काटा चुकला असेल म्हणून आम्ही त्या पुन्हा चढवल्या, तरी आकडे तेच आले. एकाच साच्यातल्या दोन पेट्यांमध्ये एकोणीस किलोंचा फरक पडण्याचे एकच कारण संभवत होते. काकांनी करवत आणली आणि दुसऱ्या पेटीची खालची कड कापली. आतला पफ पिवळा नव्हता, काळपट झाला होता, आणि मुठीत दाबल्यावर त्यातून खारे पाणी गळले.

पाणी शिरले कुठून, हे शोधण्यात आमची दुपार गेली. मागच्या हंगामात दोर बांधण्यासाठी कोणीतरी बाजूला लोखंडी कडी बसवली होती. तिच्या चार स्क्रूंची भोके थेट पफापर्यंत गेली होती. त्याहून वाईट अवस्था निचऱ्याच्या भोकाची होती. ते भिंतीला छिद्र पाडून, नळी घालून नंतर केलेले असल्याने नळीभोवतीचा सांधा तडकला होता. बूच हरवल्यावर तिथे चिंधी कोंबलेली असल्यामुळे वितळलेले पाणी बाहेर पडायच्या ऐवजी त्या तड्यातून भिंतीत मुरत होते. पाण्यातून उष्णता कोरड्या पफाच्या वीसपटींहून अधिक सहज वाहते. बाहेरून मात्र पेटी धडधाकट दिसत होती, रंगही उडाला नव्हता.

त्यानंतर नव्या पेटीसाठी मी रत्नागिरीत मिरकरवाडा बंदराच्या परिसरातली दुकाने पालथी घातली. विक्रेता भिंतीची जाडी आणि "पाच दिवस बर्फ टिकतो" हे दोनच मुद्दे सांगतो. पण तो पाच दिवसांचा दावा काठोकाठ बर्फ भरलेल्या आणि एकदाही न उघडलेल्या पेटीचा असतो. आमची पेटी जाळे ओढताना वीस वेळा उघडते. म्हणून मी दोनशे लिटरची एक घेण्याऐवजी शंभर लिटरच्या दोन घ्यायचे ठरवले, म्हणजे भरलेली पेटी बंद राहते आणि जी भरायची असते तेवढीच उघडते. थर्माकोलच्या पेटीचा विचार केलाच नाही. किनाऱ्यापासून बाजारापर्यंत ती ठीक आहे, पण नौकेवर एका हंगामात तिचे दाणे सुटतात आणि ते समुद्रात जातात, याचा मला मनापासून राग येतो.

काकांचे मत फायबरच्या बाजूने होते आणि ते बिनबुडाचे नव्हते. फायबर फुटले तर रेझिन आणि काचतंतूंची मॅट लावून बंदरातच दुरुस्त होते. पॉलिथिनच्या अखंड पेटीला कोणताच डिंक नीट धरत नाही, ती गरम करून जोडावी लागते. तरीही मी अखंड पेटीकडे झुकलो, कारण तिच्यात निचऱ्याचे भोक साच्यातच ओतलेले असते आणि पफाला सांधाच दिसत नाही. बिजागऱ्या कोणत्या पोलादाच्या आहेत, हेही विचारले; ३१६ प्रतीचे पोलाद खाऱ्या हवेत ३०४ पेक्षा चांगले टिकते. झाकणात कागदाची पट्टी धरून ते बंद करायचे आणि पट्टी ओढून पाहायची, असे मी चारही बाजूंनी केले. एका पेटीत पट्टी मागच्या कोपऱ्यातून अलगद निसटली.

अनामत ठेवून ती पेटी आणि दुसरी एक, अशा दोन आणल्या. प्रत्येकीत चाळीस किलो बर्फ भरून नौकेच्या डेकवर उन्हात चोवीस तास ठेवल्या, मग पाणी काढून बर्फ तोलला. पट्टी घट्ट धरणाऱ्या पेटीतला साडेसात किलो बर्फ गेला होता, दुसरीतला अकरा. भिंती दोन्हींच्या सारख्याच होत्या. आकडे पाहिल्यावर काका पहिल्यांदा हसले आणि म्हणाले, "मग ही घट्टच घ्या. पण बुचाला दोरी बांधा, नाहीतर पुन्हा चिंधी येईल."

तशा दोन घट्ट पेट्या घेतल्यावर त्यांच्यावर एकही स्क्रू मारायचा नाही, असे काकांनी सगळ्या खलाशांना बजावले आणि नव्या पेट्यांचे रिकामे वजन, साडेअठरा किलो, तळाला ऑइल पेंटने लिहिले. दर महिन्याच्या पहिल्या तारखेला त्या काट्यावर चढतात. परवा चढवल्या तेव्हा एक साडेअठरा भरली आणि दुसरी अठरा किलो सहाशे ग्रॅम. त्या शंभर ग्रॅमांसाठी काकांनी ती उलटी करून दिवसभर उन्हात ठेवली आणि संध्याकाळी पुन्हा तोलली.