पाच कलमं आणि आठ सह्या

मुंबई-गोवा महामार्गाच्या चौपदरीकरणासाठी संगमेश्वर तालुक्यातल्या एका वाडीत संयुक्त मोजणी होती. भूमापक, तलाठी, कृषी खात्याचा माणूस, आणि खातेदारांचे कागद बघायला मी. १० आर क्षेत्र रस्त्यात गेलं. त्यात हापूसची पाच कलमं, अठरा वर्षांची, भर उत्पन्नाची. बुंध्याचा घेर मोजताना टेपचं टोक ज्याने धरलं होतं, त्यानेच ती लावली आणि वाढवली. सातबाऱ्यावर मात्र तो कुठेच नव्हता. ना कब्जेदारात, ना इतर हक्कात. पीकपाहणीत वर्षानुवर्षं ‘खुद्द’, म्हणजे मालक स्वतःच कसतो.

“काका, खंडाच्या पावत्या आहेत का?”

“पावती कुठली? भात नेऊन मालकाच्या ओटीवर घालायचो.”

सगळं अडतं ते इथे. १ एप्रिल १९५७ च्या कृषक दिनी जे कूळ होते, म्हणजे खंड देऊन दुसऱ्याची जमीन कसत होते, त्यांचा मालकीचा मार्ग कायद्याने मोकळा केला. नंतर कसायला लागलेल्याला आपलं कूळपण तहसीलदारापुढे सिद्ध करावं लागतं. मालकाऐवजी दुसराच कोणी कसतो आहे असं दिसलं, तर तलाठ्याने नमुना १४ भरून तहसीलदाराकडे पाठवायचा असतो. पण नमुन्याचा विषय निघाला की मालक जमीन काढून घेईल, या धास्तीने कसणारा स्वतःच गप्प राहतो. त्याला दोष कसा द्यायचा?

हिशेब असा झाला. आरला २०,००० दराने जमिनीचे २ लाख. ग्रामीण भागात जमिनीच्या किमतीला तेव्हा दोनने गुणायचं, म्हणजे ४ लाख. झाडांचं मूल्यांकन १ लाख. झाले ५ लाख. त्यावर सक्तीने जमीन घेतल्याबद्दलची शंभर टक्के दिलासा रक्कम, म्हणजे एकूण १० लाख. (१२ टक्क्यांची वाढीव रक्कम वेगळी, ती इथे धरत नाही.) सातबारा पणजोबांच्या नावावरून नुकताच वारसांवर आलेला. चार शाखा, प्रत्येकी अडीच लाख. तीन शाखांत एकेकच वारस, तिघेही मुंबईत. चौथ्या शाखेत पाच भावंडं, गावातच राहणारी, माणशी ५०,०००.

झाडांचे दिलाशासह २ लाख कसणाऱ्याला मिळावेत म्हणून मी संमतीपत्र तयार केलं. अशा वाटपाला आठही वारसांच्या सह्या लागतात, सात चालत नाहीत. मुंबईच्या तिघांनी लगेच सही केली. अडीच लाखांतून ५० हजार सोडणं त्यांना जमलं. चौघा भावंडांनीही केली. पाचवा अडला. त्याने सोडायचे होते फक्त १०,०००, पण पावसाआधी घरावरची कौलं त्याच पैशांत बदलायची होती. तो लबाड नव्हता. मोठ्या वाट्यावाल्यांना जे सोडता येत होतं, ते त्याला परवडत नव्हतं, आणि शेजारच्याचं नुकसान त्यालाही कळत होतं.

कसणाऱ्याने हरकत घेतली. वाटपाचा वाद उभा राहिला की राष्ट्रीय महामार्ग कायद्याच्या कलम ३एच(४) नुसार तो दिवाणी न्यायालयाकडे जातो. कुळाचा मुद्दा निघाला की न्यायालय तो निर्णयासाठी पुन्हा तहसीलदाराकडे पाठवतं, आणि तिथे पहिला प्रश्न पावतीचाच. जमिनीचे ८ लाख वारसांच्या खात्यांत जमा झाले. झाडांचे २ लाख न्यायालयात गेले.

सात सह्यांचं ते संमतीपत्र माझ्या फाइलीत आहे. कलमं त्याच महिन्यात तोडली, मोहोर यायच्या आधी.