मला गाडी लागते, तरीही

मला लहानपणापासून गाडी लागते. वळणाच्या रस्त्यावर लागतेच, पण सरळ रस्त्यावर मांडीवर पुस्तक उघडलं तरी लागते. खिडकीची जागा, नजर लांब क्षितिजावर, बोलणं बंद, असा माझा प्रवास. त्यामुळे मी व्हीआर गेम (व्हर्च्युअल रिअॅलिटी, म्हणजे डोळ्यांवर पडद्याचा हेडसेट चढवून आभासी जगात खेळायचे गेम) खेळते म्हटलं की ओळखीच्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "तुला सोसतं ते?"

सोसतं. पण पहिल्या वेळी अजिबात सोसलं नव्हतं.

तो हेडसेट एका मैत्रिणीचा होता. गेममध्ये लांबलचक बोळातून पळायचं होतं. अंगठ्याने कंट्रोलरची दांडी पुढे ढकलली आणि दोन्ही बाजूच्या भिंती सपासप मागे जायला लागल्या. माझे पाय मात्र जमिनीवर एका जागी. चार-पाच मिनिटांत मानेवर तो ओळखीचा गार घाम आला, पोटात ढवळायला लागलं, आणि उरलेली संध्याकाळ मी तिच्या सोफ्यावर डोळे मिटून पडून होते. आपल्यासाठी नाही हे, असं तेव्हाच ठरवून टाकलं.

दीड वर्षाने भाच्याने जवळजवळ जबरदस्तीनेच डोक्यावर हेडसेट चढवला. "एकच गाणं, मावशी." तो गेम होता बीट सेबर, चेक प्रजासत्ताकातल्या एका छोट्या चमूने २०१८ साली आणलेला. डाव्या हातात लाल तलवार, उजव्या हातात निळी. गाण्याच्या ठेक्यावर समोरून ठोकळे येतात, त्यांच्यावरच्या बाणाच्या दिशेने ते कापायचे. एक गाणं झालं, मग दुसरं, मग मीच म्हटलं अजून एक लाव. हेडसेट काढला तेव्हा चाळीस मिनिटं उलटून गेली होती. केस घामाने चिंब, दंड भरून आलेले. मळमळ मात्र नावालाही नाही.

असं का झालं, ते शोधता शोधता मी या विषयात पार बुडाले.

उत्तर कानात आहे. आतल्या कानात द्रवाने भरलेल्या तीन अर्धवर्तुळाकार नळ्या असतात, डोकं किती वळलं ते त्या मेंदूला कळवतात. शेजारी बारीक स्फटिकांची यंत्रणा असते, ती पुढे-मागे जाण्याचा वेग बदलला की ओळखते. गाडीत पुस्तक वाचताना कान सांगतो आपण हलतोय आणि डोळे सांगतात आपण स्थिर आहोत. या दोन साक्षी जुळल्या नाहीत की मळमळतं. मैत्रिणीकडच्या त्या बोळात नेमकं उलटं झालं होतं, डोळे पळत होते आणि कान जागच्या जागी. बीट सेबरमध्ये मी एका जागी उभी असते. हलतात ते ठोकळे. माझं डोकं मी हलवीन तेवढंच हलतं, त्यामुळे कान आणि डोळे एकच साक्ष देतात.

मात्र ती साक्ष वेळेवर मिळायला हवी. डोकं वळलं की नजर स्थिर ठेवायला कान आणि डोळा मिळून सेकंदाच्या शंभराव्या भागाइतकाही वेळ घेत नाहीत. हेडसेटमधलं चित्र त्यामानाने मागे रेंगाळलं तर सगळं जग हेलकावतं. म्हणून माझ्यासाठी व्हीआरचा इतिहास हा या उशिराशी झालेल्या झगड्याचा इतिहास आहे.

१९६८ साली आयव्हन सदरलँड यांनी केलेला हेडसेट इतका अवजड होता की तो छताला टांगावा लागे. डोकं कुठे वळलं ते एक यांत्रिक दांडा मोजायचा आणि डोळ्यांपुढे फक्त रेघांनी काढलेल्या आकृत्या दिसायच्या. पण डोकं वळलं की त्या आकृतीची दुसरी बाजू दिसत असे! सगळं बीज त्यातच आहे. १९९१ मध्ये ब्रिटनमधल्या व्हर्च्युअलिटी कंपनीची यंत्रं गेमच्या अड्ड्यांवर आली. सेकंदाला साधारण २० चित्रं दाखवायची ती. लोकांनी रांगा लावून खेळलं, पण मी त्या यंत्रात दोन मिनिटंसुद्धा टिकले नसते. १९९५ चा निन्टेंडोचा व्हर्च्युअल बॉय तर टेबलावर स्टँडवर ठेवायचा, त्यात डोळे खुपसायचे, आणि काळ्यावर लाल एवढंच चित्र. डोकं वळवून काहीच बदलायचं नाही. त्याला व्हीआर म्हणायला माझं मन घेत नाही. वर्षभरात तो बंदही झाला.

पुढची खरी उडी स्मार्टफोनमुळे शक्य झाली. लहान, चांगले पडदे आणि हालचाल मोजणारे सेन्सर फोनसाठी ढिगाने बनायला लागले होते, आणि २०१२ मध्ये पामर लकी या तरुणाने किकस्टार्टर या लोकांकडून पैसे उभे करायच्या संकेतस्थळावर मांडलेला ऑक्युलस रिफ्ट हा हेडसेट त्यांच्याच जोरावर उभा राहिला. त्याच वर्षी व्हॉल्व्ह या गेम कंपनीतले प्रोग्रामर मायकेल अब्राश यांनी लिहिलं होतं की डोकं हलल्यापासून त्याप्रमाणे बदललेलं चित्र डोळ्यात पोचेपर्यंत २० मिलिसेकंदांहून जास्त वेळ गेला तर तो फारच झाला. 'डूम' गेमचे प्रोग्रामर जॉन कार्मॅक यांनी पुढे नेलेली एक युक्ती मला फार आवडते. चित्र तयार झालं तरी ते लगेच दाखवायचं नाही. अगदी शेवटच्या क्षणी सेन्सरला पुन्हा विचारायचं, डोकं आता कुठे आहे? आणि चित्र तेवढं सरकवून मग दाखवायचं. याशिवाय प्रत्येक चित्र क्षणभरच उजळवून पडदा पुन्हा काळा करायचा, म्हणजे मान वळवताना ते फरफटत नाही. २०१६ चे रिफ्ट आणि व्हाइव्ह हे हेडसेट सेकंदाला ९० चित्रं दाखवायचे. २०१९ च्या क्वेस्ट या हेडसेटमध्ये डोकं आणि हात कुठे आहेत ते टिपणारे कॅमेरे हेडसेटवरच आले, वायर गेली आणि वेगळा कॉम्प्युटरही लागेना.

तंत्रज्ञांइतकीच मी गेम रचणाऱ्यांची ऋणी आहे. चालण्याऐवजी जिथे जायचं तिथे बोट दाखवून क्षणात पोचायचं, म्हणजे टेलिपोर्ट. सावकाश गोल फिरण्याऐवजी ठरावीक अंशात झटक्याने वळायचं. गूगल अर्थ व्हीआरमध्ये उडताना कडेचं दृश्य झाकलं जातं आणि मधलाच गोल उरतो, कारण हालचालीचा भास डोळ्याच्या कडांना जास्त होतो. मुरलेले काही खेळाडू टेलिपोर्टला खोटं चालणं म्हणतात. मला ते पटत नाही. माझ्यासारख्यांना या जगात उभं राहता आलं ते त्याच्यामुळे.

२०२० मधला हाफ-लाइफ: अॅलिक्स मी पहिल्यापासून शेवटपर्यंत टेलिपोर्टनेच खेळले. त्यात जेफ नावाचा एक आंधळा प्राणी आहे, तो आवाजाच्या रोखाने येतो. आजूबाजूच्या बीजाणूंनी ठसका लागतो, म्हणून हात उचलून खरोखर तोंडावर धरायचा. मग दारं, कप्पे उघडायला उरतो एकच हात, आणि बाटली पडली तर संपलंच. त्या वीस मिनिटांत मी स्वतःचा श्वासही रोखून धरत होते, जणू माझ्या खोलीतला आवाज त्याला ऐकू जाणार होता. साध्या पडद्यावरचा गेम मी कितीही तल्लीन होऊन खेळले तरी तिथला हात त्या पात्राचा असतो. इथे तो माझा असतो. याच गेमच्या सुरुवातीला एका खोलीत धुळकट काच आणि मार्कर ठेवलेत. मी तिथे "ळ" काढला. खांद्यापासून हात वळवून, जसा फळ्यावर काढतात तसा, आणि तो माझ्या हस्ताक्षरात उमटला.

उणिवा आहेतच. क्वेस्ट २ पाचशे ग्रॅमचा आहे, तासाभराने कपाळावर वळ उठतो. वस्तू जवळ आणली तरी डोळ्यांना फोकस एकाच अंतरावर ठेवावा लागतो, त्यामुळे हातातली चिठ्ठी वाचताना डोळे शिणतात.

गेल्या महिन्यात आईला हेडसेट लावून दिला. गाडी लागणं मला तिच्याकडूनच आलंय, म्हणून मी खुर्ची मागेच ठेवली होती. अॅलिक्सची सुरुवात एका उंच बाल्कनीत होते, खाली सगळं शहर पसरलेलं. तिला म्हटलं, "तू काही करू नकोस, नुसती बघ." तिने डावीकडे पाहिलं, उजवीकडे पाहिलं, पुढे झुकून खाली पाहिलं. बराच वेळ काही बोलली नाही. मग सवयीने कठड्यावर कोपर टेकायला गेली, आणि मी धावत जाऊन तिचा दंड धरला.

"अगं, सोड," ती म्हणाली, "बघू दे मला."