‘हे कोर्टात चालेल ना, मॅडम?’

पुण्यात शिवाजीनगरच्या न्यायालयात मी वकिली करते आणि माझ्याकडे येणारी बहुतेक कामे संगणक, मोबाइल आणि इंटरनेट यांच्याशी निगडित असतात. पहिल्या भेटीत कायद्याचे कलम विचारणारा अशील क्वचितच भेटतो. बहुतेक जण खिशातून पेनड्राइव्ह काढतात किंवा मोबाइल माझ्यापुढे धरतात आणि विचारतात, ‘‘हे कोर्टात चालेल ना, मॅडम?’’ नात्यातले, शेजारपाजारचे, लग्नाच्या पंगतीत शेजारी बसलेले लोकही हेच विचारतात आणि त्यांना ‘हो’ किंवा ‘नाही’ एवढेच ऐकायचे असते. तसे उत्तर मी देत नाही. ते का देत नाही हे आज नीट सांगते.

या प्रश्नाचा सरळ कायदेशीर भाग बऱ्याच जणांना वाटतो त्यापेक्षा सोपा आहे. पुरावा गैरमार्गाने मिळवला एवढ्याच कारणावरून तो बाद करण्याची पद्धत आपल्या न्यायालयांनी सहसा स्वीकारलेली नाही. मुंबईच्या एका कॉरोनरने (संशयास्पद मृत्यूंची चौकशी करणाऱ्या अधिकाऱ्याने) लाच मागितल्याच्या प्रकरणात समोरच्या डॉक्टरच्या संमतीने ध्वनिमुद्रित केलेले टेलिफोनवरचे संभाषण सर्वोच्च न्यायालयाने १९७२ साली ग्राह्य धरले. पुढच्याच वर्षी प्राप्तिकर खात्याच्या झडतीसंबंधीच्या निकालात न्यायालयाने सांगितले की झडतीत दोष असला, तरी तिच्यात सापडलेली कागदपत्रे वादाशी संबंधित असतील तर ती पाहता येतात. जुलै २०२५ मध्ये घटस्फोटाच्या एका दाव्यात पतीने पत्नीशी झालेल्या स्वतःच्या संभाषणाचे तिच्या नकळत केलेले ध्वनिमुद्रण सर्वोच्च न्यायालयाने पुराव्यात घेऊ दिले. तेव्हापासून कौटुंबिक न्यायालयातल्या पक्षकारांना असे वाटू लागले आहे की जोडीदाराच्या मोबाइलमधून काहीही काढून आणले तरी हरकत नाही.

हा समज धोक्याचा आहे. स्वतः ज्या संभाषणात सहभागी होतो ते मुद्रित करणे वेगळे आणि दुसऱ्याचा पासवर्ड वापरून त्याच्या ईमेलमध्ये शिरणे वेगळे. माहिती तंत्रज्ञान कायदा २००० च्या कलम ४३ प्रमाणे, संगणक किंवा खाते ज्याच्या ताब्यात आहे त्याच्या परवानगीवाचून त्यात प्रवेश केला तर नुकसानभरपाई द्यावी लागते. तेच कृत्य अप्रामाणिकपणे किंवा कपटाने केले असेल तर कलम ६६ प्रमाणे तीन वर्षांपर्यंत कैद आणि पाच लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. दुसऱ्याचा पासवर्ड अप्रामाणिकपणे वापरल्याबद्दल ६६ क हे कलम वेगळे आहे. ‘‘नवरा-बायकोत कसली परवानगी?’’ असे मला कितीदा तरी विचारले गेले आहे, पण या कलमांमध्ये विवाहितांसाठी वेगळी सवलत लिहिलेली नाही. म्हणजे न्यायाधीश कागद पाहतील आणि तो कागद आणणारा माणूस त्याच कागदामुळे आरोपी होईल, असे दोन्ही एकाच वेळी घडू शकते. ‘चालेल ना’ या प्रश्नात ही दुसरी बाजू येतच नाही, आणि अशिलाला ती पहिल्याच भेटीत सांगणे मी माझे काम समजते.

हे मला सुरुवातीपासून असे स्पष्ट दिसत होते, असे मी म्हणणार नाही. माझ्या वकिलीच्या चौथ्या-पाचव्या वर्षी सुटे भाग बनवणारे एक कारखानदार माझ्याकडे आले. त्यांचा आरेखन विभागातला एक जुना कर्मचारी नोकरी सोडून प्रतिस्पर्ध्याकडे गेला होता आणि त्यानंतर दोनच महिन्यांत त्यांच्या रेखाचित्रांशी तंतोतंत जुळणारा भाग बाजारात आला होता. त्यांचा संताप खरा होता, नुकसानही खरे होते. त्या कर्मचाऱ्याने परत केलेल्या कंपनीच्या लॅपटॉपवर त्याच्या खाजगी ईमेलचा पासवर्ड ब्राउझरने जपून ठेवलेला होता. मालकांनी तो लॅपटॉप उघडला, खाते आपोआप सुरू झाले आणि त्यांनी रात्रभर बसून सव्वाशे पाने छापून घेतली. ती पाने व्यवस्थित पंच करून, फाइलमध्ये लावून त्यांनी माझ्या टेबलावर ठेवली.

मी ती वाचायला घेतली. लॅपटॉप कंपनीचा आहे, मग त्यातले सगळे कंपनीचेच, असा विचार त्या क्षणी माझ्याही मनात होता. रेखाचित्रे बाहेर पाठवल्याचा एक मेल सापडला आणि मला आनंदही झाला. पुढच्या पानावर त्याच कर्मचाऱ्याने त्याच्या स्वतःच्या वकिलाला लिहिलेले पत्र होते. आपण काय केले, काय केले नाही, कोणत्या मुद्द्यावर अडचण येईल, असे सगळे त्याने मोकळेपणाने लिहिले होते. ते पत्र कोणाचे आणि कोणाला आहे हे माझ्या ध्यानात येईपर्यंत माझे त्याचे दीड पान वाचून झाले होते.

वकील आणि अशील यांच्यातला संवाद गुप्त राहतो, या एका भरवशावर आमचा सगळा व्यवसाय उभा आहे. पूर्वी पुरावा अधिनियमाच्या कलम १२६ मध्ये आणि आता भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम १३२ मध्ये त्याला संरक्षण आहे. ज्या संरक्षणाच्या आधारावर तो कारखानदार माझ्यासमोर मन मोकळे करत होता, तेच संरक्षण मी समोरच्या माणसाच्या बाबतीत वाचता वाचता मोडले होते. फाइल मी मिटली, पण वाचलेले विसरता येत नाही. मी मालकांना सांगितले की हे पत्र मी वापरणार नाही, त्यात काय होते हे तुम्हालाही सांगणार नाही आणि ईमेलमधून काढलेले बाकीचे कागदही दाव्याला जोडणार नाही. ते म्हणाले, ‘‘मॅडम, चोर तो आहे, मी नाही.’’ त्यांचे म्हणणे मला आजही समजते.

बार कौन्सिल ऑफ इंडिया या वकिलांच्या नियामक संस्थेच्या नियमांनुसार वकिलाने आपल्या अशिलाला स्वतः जे करणार नाही ते करण्यापासून आणि अनुचित मार्गांपासून परावृत्त करण्याचा शक्य तेवढा प्रयत्न केला पाहिजे, आणि अशील ऐकतच नसेल तर त्याचे काम सोडले पाहिजे. अशिलाचे मुखपत्र म्हणून वागू नये, असेही तिथे लिहिलेले आहे. महाविद्यालयात हा नियम मी परीक्षेपुरता पाठ केला होता. त्या दिवशी मात्र तो एका चिडलेल्या, पैसे आणि प्रतिष्ठा दोन्ही गमावलेल्या माणसासमोर बसून वापरायचा होता आणि तेव्हा तो फार जड वाटला. समोरच्या पक्षाच्या वकिलाला आपल्या हातात काय आले होते हे कळवावे की नाही, या प्रश्नावर मी दोन रात्री विचार केला. कळवले असते तर माझ्या अशिलाची बाब मी उघड केली असती आणि माझी गोपनीयतेची जबाबदारी मोडली असती. न कळवावे तर समोरचा माणूस अंधारात राहत होता. शेवटी एका ज्येष्ठ वकिलांचा सल्ला घेऊन, अशिलाचे नाव न सांगता, मी ठरवले की अशिलाची संमती असल्याशिवाय कळवायचे नाही आणि त्या कागदांचा उपयोग कोणत्याही स्वरूपात होणार नाही अशी लेखी अट घालून मगच काम घ्यायचे. हा निर्णय पूर्ण समाधानकारक होता असे मला अजूनही वाटत नाही.

कारखानदारांनी आठवडाभराने अट मान्य केली. मग आम्ही तो लॅपटॉप बंद करून सीलबंद पाकिटात ठेवला आणि न्यायालयाकडे अर्ज केला की दिवाणी प्रक्रिया संहितेच्या आदेश २६ प्रमाणे तज्ज्ञाची नेमणूक करून त्याची प्रत काढावी आणि कंपनीच्या फायली त्यातून कधी, कोठे गेल्या एवढ्यापुरताच अहवाल द्यावा. कंपनीच्या फायलींवर कंपनीचा हक्क आहेच. त्या फायली यूएसबीवर घेतल्याच्या खुणा कंपनीच्याच यंत्रात मिळू शकतात आणि त्यासाठी कोणाचे खाजगी पत्र उघडावे लागत नाही. हा मार्ग सुरुवातीलाच धरला असता तर ती रात्र आणि ती सव्वाशे पाने दोन्ही टळली असती.

आता पुरावा योग्य मार्गाने हाती आला असे समजू. तरीही तो न्यायालयात कसा जातो, हा मोठा भाग उरतो आणि इथे आपल्या जालन्याने साऱ्या देशाला धडा दिला आहे. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीत जालना मतदारसंघातून अर्जुन खोतकर हे कैलास गोरंट्याल यांच्यावर अवघ्या २९६ मतांनी निवडून आले. उमेदवारी अर्ज दाखल करण्याची मुदत २७ सप्टेंबर रोजी दुपारी तीनला संपत होती आणि खोतकरांचा अर्ज त्यानंतर आला, असे गोरंट्याल यांचे म्हणणे होते. निवडणूक अधिकाऱ्याच्या कार्यालयातले व्हिडिओ चित्रण हा त्यातला मुख्य पुरावा होता. त्या चित्रणाच्या सीडी मिळाल्या, पण ही प्रत कोणत्या यंत्रातून आणि कशी काढली हे सांगणारे, त्यासोबत लागणारे प्रमाणपत्र वारंवार मागूनही अधिकाऱ्यांनी दिले नाही. उच्च न्यायालयाच्या औरंगाबाद खंडपीठाने निवडणूक रद्द ठरवली. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेले आणि १४ जुलै २०२० रोजी तीन न्यायमूर्तींनी असे ठरवले की मूळ यंत्रच हजर केले नसेल तर इलेक्ट्रॉनिक नोंदीच्या प्रतीसोबत प्रमाणपत्र अनिवार्य आहे. मात्र ते मिळवण्यासाठी शक्य ते सर्व करूनही दुसऱ्याच्या आडमुठेपणामुळे ते मिळाले नाही, तर अशक्य गोष्टीची सक्ती कायदा करणार नाही, असेही न्यायालयाने सांगितले.

१ जुलै २०२४ पासून भारतीय साक्ष्य अधिनियम लागू झाला आणि त्याच्या कलम ६३ नुसार या प्रमाणपत्राचे दोन भाग झाले. पहिला भाग यंत्र ज्याच्या ताब्यात आहे त्याने भरायचा, दुसरा तज्ज्ञाने, आणि दोन्हींमध्ये फायलीचे हॅश मूल्य लिहायचे. हॅश म्हणजे फायलीतल्या मजकुरावरून गणिताने काढलेला एक लांब आकडा. मजकुरात एक स्वल्पविराम बदलला तरी तो पूर्ण वेगळा येतो. म्हणून मी अशिलांना विनवून सांगते की मूळ मोबाइल विकू नका, रीसेट करू नका आणि ‘‘तुम्हाला व्हॉट्सअ‍ॅपवर टाकतो’’ असे म्हणू नका. छायाचित्र किंवा चित्रफीत व्हॉट्सअ‍ॅपवरून नेहमीच्या पद्धतीने पाठवली की ती आकसते आणि हॅश जुळत नाही. शिवाय ती माझ्या मोबाइलवर आली आणि तिथूनच पुढे छापली गेली, तर उद्या तिच्याविषयी साक्ष द्यायला मलाच बोलावले जाईल. ज्या खटल्यात स्वतः साक्षीदार व्हावे लागेल असे दिसते, तो वकिलाने घेऊ नये असा नियम आहे. घाईत पाठवलेल्या एका चित्रफितीमुळे अशिलाला वकील बदलावा लागू शकतो.

प्रमाणपत्राच्या त्या दुसऱ्या भागावरची तज्ज्ञाची सही ही आजची सर्वांत मोठी नैतिक अडचण आहे असे माझे मत आहे. तज्ज्ञ सगळीकडे सहज मिळत नाहीत, त्यांची फी सामान्य पक्षकाराला परवडत नाही आणि तारीख तोंडावर आलेली असते. मग यंत्र न पाहता केवळ प्रिंटआउटवरून सही करून देणारे लोक सापडतात आणि अशी सही आणून लावण्याचा आग्रह माझ्यासमोर अनेकदा झाला आहे. ‘‘एवढं कोण बघतंय?’’ असे म्हणतात. उलटतपासणीत बघतात. आणि कोणी पाहिले नाही, तरी न्यायालयासमोर आम्ही एक खोटे विधान ठेवलेले असते. तारीख मागून घ्यावी, मूळ मोबाइलच हजर करण्याचा अर्ज द्यावा, खर्चाबद्दल अशिलाशी स्पष्ट बोलावे, पण ही सही घेऊ नये.

यंत्रातून आलेल्या नोंदीवर लोकांचा अवाजवी विश्वास बसतो, म्हणून मी याबाबत एवढी हट्टी आहे. २००७ साली शिवाजी महाराजांविषयीच्या ऑर्कुट या तेव्हाच्या समाजमाध्यमावरील आक्षेपार्ह मजकुराच्या तपासात पुणे पोलिसांनी बेंगळुरूच्या एका तरुण अभियंत्याला अटक केली. आयपी पत्त्यावरून, म्हणजे इंटरनेट जोडणीला मिळणाऱ्या क्रमांकावरून, त्याच्यापर्यंत पोहोचताना चूक झाली होती, तो मजकूर त्याने टाकलेलाच नव्हता, आणि हे सिद्ध होईपर्यंत त्याने पन्नास दिवस तुरुंगात काढले. कागदावर एक आकडा छापलेला होता आणि त्या आकड्याला उलट प्रश्न विचारायला कोणी थांबले नाही. सायबर गुन्ह्यातल्या आरोपीचे वकीलपत्र मी घेते, तेव्हा मला तो अभियंता आठवतो.

माझ्या लॅपटॉपमध्ये आज कित्येक कुटुंबांची आणि छोट्या कंपन्यांची गुपिते आहेत. ३१ ऑक्टोबर २०२५ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की अशिलाविषयी माहिती काढण्यासाठी पोलिसांनी त्याच्या वकिलाला कायद्यातल्या अपवादांखेरीज समन्स देऊ नये, आणि वकिलाचे उपकरण हवे असेल तर ते न्यायालयासमोरच हजर व्हावे व इतर अशिलांची गोपनीयता राखली जावी. या निकालाने मला दिलासा मिळाला. पण न्यायालय मला पोलिसांपासून वाचवेल, माझ्या निष्काळजीपणापासून नाही. म्हणून अशिलांचे कागद मी कोणत्याही मोफत भाषांतराच्या किंवा कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संकेतस्थळावर टाकत नाही आणि अशिलाने दिलेला पेनड्राइव्ह, त्यात काय आहे व तो कोठून आला हे त्याच्याकडून लेखी घेतल्याशिवाय उघडत नाही. नव्या अशिलांना हा लेखी तपशील देणे अपमानास्पद वाटते, काही जण उठून जातात. ज्यांनी लिहून दिले त्यांच्यापैकी बऱ्याच जणांना लिहिता लिहिताच कळते की यातली कोणती फाइल त्यांची आहे आणि कोणती त्यांनी उघडायलाच नको होती.