बुधवार, कॉम्प्युटरच्या खोलीत

सकाळपासून पाऊस आहे. पाटण तालुक्यात या दिवसांत हवा इतकी दमट असते की रात्रभर बंद राहिलेली मशीनं सकाळी एका झटक्यात सुरू होतील याची खात्री नसते. म्हणून परिपाठाच्या अर्धा तास आधी मी खोली उघडते. आधी भिंतीवरचा मेन स्विच, मग यूपीएस, मग एकेक मशीन. आज दोन नंबरच्या मशीनची स्क्रीन काळीच राहिली आणि आतून बीप-बीप सुरू झाली. हा आवाज आता ओळखीचा झालाय. वायर काढायची, कॅबिनेट उघडायचं, रॅमची पट्टी बाहेर घ्यायची, तिच्या सोनेरी कडेवरून खोडरबर फिरवायचा, भुगा कोरड्या कापडाने पुसायचा आणि दोन्ही बाजूंचे खटके लागेपर्यंत पट्टी दाबून बसवायची. फुंकर मारायची नाही, तोंडातली वाफ आणखी ओल आणते. चौथीतली एक मुलगी लवकर येते. तिला हे सगळं पाठ आहे. मी पट्टी काढेपर्यंत तिने कंपासमधला खोडरबर पुढे धरला होता. मशीन चालू झालं.

पाच नंबरचं मशीन रोजच्यासारखं एफ-वन दाबायला सांगत थांबलं होतं. त्याच्या मदरबोर्डावरचा बटणाएवढा सेल संपलाय, त्यामुळे वीज गेली की ते तारीख विसरतं आणि २००९ च्या १ जानेवारीला जाऊन बसतं. मुलांना याची गंमत वाटते, पण इंटरनेट लावलं की खरी अडचण कळते. तारीखच चुकीची असल्यामुळे बऱ्याच वेबसाइट सुरक्षेचं कारण देऊन उघडत नाहीत. सीआर २०३२ नंबरचा सेल, तीन व्होल्टचा. पाटणला गेले की आणायचा आहे.

ही मशीनं गावच्या मुंबईकर मंडळाने दिली. आमच्याकडच्या कितीतरी घरांतला कर्ता माणूस मुंबईत, नाहीतर वाशीच्या मार्केटला माथाडीत आहे. माथाडी कामगारांचे नेते अण्णासाहेब पाटील याच तालुक्यातल्या मंद्रुळ कोळ्याचे. गावाकडे काही पाठवायचं म्हटलं की ही माणसं हात आखडता घेत नाहीत. कुठल्याशा ऑफिसने बदललेले आठ संगणक त्यांनी टेम्पोतून आणले, त्यातले सहा धडपणे चालतात. विंडोज ७ चे अपडेट जानेवारी २०२० मध्येच बंद झाले होते, म्हणून मंडळातल्या एका मुलाने सगळ्यांवर विंडोजच्या जागी लिनक्स टाकून दिलं. जुन्या मशीनवर ते हलकं चालतं आणि फुकटही आहे.

खोलीबाबत एका गोष्टीवर मी हटून बसले होते, ती म्हणजे अर्थिंग. संगणकाच्या खोलीत चपला काढून यायचं, अशी बऱ्याच शाळांत पद्धत आहे. धूळ येऊ नये हा हेतू चांगलाच आहे. पण पावसाळ्यात फरशी ओलसर, अर्थिंग धड नाही, पोर अनवाणी आणि हात कॅबिनेटच्या पत्र्यावर, म्हणजे मुंग्या आल्याच. मोठ्या माणसाला नुसती झिणझिणी जाणवते, सात वर्षांच्या मुलाचं काय होईल सांगता येत नाही. वायरमनला बोलावून खोलीच्या मागे नवीन खड्डा घेतला, त्यात मीठ-कोळसा भरून पट्टी पुरली. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात पाणी ओतायचं काम चौथीच्या वर्गाकडे आहे. खोलीत सतरंजी आणि पुढे रबरी मॅट टाकली. मुलं चपला पुसून आत येतात, काढत नाहीत. झाडायला मला जास्त वेळ लागतो, तो मी आनंदाने देते. संगणक मागण्याआधी शाळांनी अर्थिंग मागावं, असं माझं ठाम मत आहे.

दुसरी तासिका तिसरी-चौथीची, एकत्र. एका मशीनला चार पोरं. चार पोरांत माउस एक, आणि तो कायम त्याच एका हातात जातो. नीट पाहिलं की कळतं, तो हात बहुतेक वेळा मुलाचा असतो आणि शेजारची मुलगी बोटाने स्क्रीन दाखवत असते. म्हणून आमच्याकडे नियम आहे: ज्याच्या हातात माउस किंवा कीबोर्ड, त्याने बोलायचं नाही. बाकीच्यांनी सांगायचं, हात लावायचा नाही. यूपीएसच्या वरचं घड्याळ पाहून दर पाच मिनिटांनी बदल. सांगणाऱ्याला शब्द नेमके वापरावे लागतात. ‘तिकडं तिकडं’ म्हणून भागत नाही. ‘वरच्या ओळीतला तिसरा चौकोन’ म्हणावं लागतं. भाषेच्या तासाला गप्प बसणारी दोन मुलं इथे न अडखळता बोलतात, हे मी गेल्या वर्षापासून बघतेय.

आमच्या सातारा जिल्ह्याच्या पलीकडे, रायगडात कर्जतजवळच्या खैराटच्या शाळेत २००७ साली प्रत्येक मुलाला स्वतंत्र लॅपटॉप देण्याचा प्रयोग झाला होता. तशी सोय आपल्याकडे असती तर, असं मनात येतं. पण सांगण्या-ऐकण्यातून ही पोरं जे शिकतात, ते एकट्या मशीनसमोर शिकली असती असं मला वाटत नाही. दोघांत एक मशीन झालं तर मात्र मी लगेच हो म्हणेन. चार म्हणजे जरा जास्तच होतात.

आजचं काम होतं पाटणहून निघणाऱ्या एसटीच्या रस्त्यावरच्या गावांची नावं टाइप करायचं. इनस्क्रिप्ट, म्हणजे भारतीय लिप्यांसाठी ठरवलेल्या मांडणीच्या कीबोर्डवर. कळांवर मी पांढरे स्टिकर लावलेत, त्यावर बारीक पेनाने अक्षरं लिहिलीत. डाव्या हाताला स्वर आणि मात्रा, उजव्या हाताला बहुतेक व्यंजनं. मांडणी इतकी सरळ आहे की दोन-तीन तासिकांत तिसरीच्या मुलांची बोटं वळतात. क आणि ख एकाच कळीवर, ग आणि घ शेजारी एकाच कळीवर, शिफ्ट दाबलं की महाप्राण, म्हणजे ख आणि घ. भारतीय मानक ब्युरोच्या १९९१ च्या आयएस १३१९४ या मानकात हीच मांडणी आहे, आणि देशातल्या बाकीच्या ब्राह्मी वळणाच्या लिप्यांनाही तीच चालते. हे शिकलेलं पोर उद्या कानडी किंवा गुजराती शिकलं, तर त्याची बोटं तीच राहणार.

मल्हारपेठ झालं. निसरे झालं. तिथे एकाने जागेवरूनच ओरडून सांगितलं, “बाई, नि ची वेलांटी मागं पळाली!” आधी न दाबला, मग ह्रस्व वेलांटी दाबली, तरी स्क्रीनवर वेलांटी न च्या आधी जाऊन बसली. मी विचारलं, तोंडाने म्हणताना आधी काय येतं? “न.” मग? “इ.” संगणक तुझ्या तोंडाचं ऐकतो, लिहिताना दिसतं ते नंतर बघतो, एवढं सांगितलं आणि पुढे गेले.

मग कऱ्हाड आलं.

तिसरीतल्या एका मुलीने क दाबला, र दाबला, पाय मोडायची कळ दाबली, ह दाबला. र उडून ह च्या डोक्यावर रफार होऊन बसला. तिने खोडलं. पुन्हा तेच. माउसवाला नियमाप्रमाणे गप्प, सांगणारे दोघं दोन गोष्टी सांगत होते. मी मध्ये पडले नाही. तिने वर्तमानपत्राचा तुकडा पुढे ओढला, नावावर बोट ठेवलं आणि म्हणाली, “ह्या र चं डोकं नाही, शेपटी आहे.” मग तिने र च्या कळीवरचा स्टिकर निरखला. खाली र, वर कोपऱ्यात खाली टिंब दिलेला ऱ. शिफ्ट दाबून तो घेतला, पाय मोडला, ह दाबला. ऱ्ह आला. तिने मागे वळून पाहिलंसुद्धा नाही, लगेच काना आणि ड.

पाठोपाठ मी फळ्यावर दर्या आणि दऱ्या लिहिलं. समुद्र कोणी पाहिलाय? मुंबईला जाऊन आलेल्या तिघांचे हात वर. दऱ्या कोणी पाहिल्यात? सगळ्यांचे. दोन्ही शब्दांत फरक फक्त एका शिफ्टचा. सहाही मशीनवर दोन्ही शब्द उतरले. त्यात चौथीतला एक मुलगा होता, जो जोडाक्षर आलं की वाचताना ते गाळून पुढे जातो. सूर्य, राष्ट्र, प्रकाश असे शब्द त्याने आज स्वतःहून टाइप केले. राष्ट्रला किती वेळा पाय मोडावा लागतो हे बोटाने मोजून दाखवलं: ष चा एकदा, ट चा एकदा.

पुस्तकात आपण रफार, र चे प्रकार, अर्धी अक्षरं ही वेगवेगळी चित्रं म्हणून शिकवतो, आणि मूल ती चित्रं म्हणूनच पाठ करतं. कीबोर्डवर ती चित्रं नसतातच. तिथे र आहे, पाय मोडायची कळ आहे आणि पुढचं अक्षर आहे. क्रम म्हणताना क आधी, धर्म म्हणताना र आधी. ज्या क्रमाने उच्चार, त्या क्रमाने कळा. आकार संगणक जुळवतो. जोडाक्षर कशाचं बनलंय हे मुलाला आतून दिसतं. निपुण भारत ही लहान मुलांच्या वाचन-गणिताची सरकारी मोहीम २०२१ मध्ये आली तेव्हापासून वाचनाचे स्तर आपण किती बारकाईने तपासतो. ही खोली त्या कामासाठी वापरली जावी, असं मला फार वाटतं.

पालक म्हणतात, फोनवर बोललं की आपोआप लिहून येतं, मग हे कशाला. घाईत निरोप पाठवायला ते छानच आहे, मीही वापरते. पण तिसरीतल्या मुलाला अजून अक्षर हाताळायचंय. इंग्रजी अक्षरांतून मराठी टाइप करायची सवय तर मला या वयात अजिबात नको. के-ए-आर-एच करत मूल कऱ्हाडला पोचेल, पण र चे प्रकार त्याला कधीच भेटणार नाहीत.

मधल्या सुट्टीत खिचडी. तेलकट, हळदीची बोटं कीबोर्डवर नकोत, म्हणून दाराशी बादली आणि साबण. हात धुऊन, पुसून, मला दाखवूनच आत यायचं.

दुपारी पहिली-दुसरी, टक्स पेंट हा मुलांचा चित्रं काढायचा प्रोग्राम. रेघा, रंग आणि ठसे. माउस सरळ धरायला शिकणं एवढंच त्यांचं काम. एकीने पाऊस काढला, पूर्ण स्क्रीन निळी होईपर्यंत. वीज दोनदा गेली, यूपीएसने तेवढं चित्र जपून ठेवायला वेळ दिला.

शाळा सुटल्यावर मुलांची ऑनलाइन माहिती भरायची. आधार कार्डावरचं नाव एक, शाळेच्या रजिस्टरमधलं दुसरं, इंग्रजी स्पेलिंग तिसरं. एकेक मुलाचं जुळवत बसायचं. सर आणि मी वाटून घेतो. हे काम मुलांच्या तासिकेत त्यांच्या मशीनवर करायचं नाही, असं आम्ही दोघांनी ठरवलंय आणि पाळतो. कितीही तातडीचा निरोप आला तरी साडेदहा ते पाच ही मशीनं मुलांची.

उद्या करायचं: सेल आणायचा. ऱ, ळ आणि ष चे स्टिकर पुसट झालेत, ते नव्याने चिकटवायचे. शनिवारी आमच्या केंद्राच्या, म्हणजे आसपासच्या शाळांच्या शिक्षण परिषदेत इनस्क्रिप्टबद्दल बोलायला दहा मिनिटं मागितली आहेत. तिथे भाषण न करता दर्या-दऱ्या सगळ्या शिक्षकांकडून टाइप करून घेणार आहे. आणि कऱ्हाड टाइप करणाऱ्या मुलीचे वडील वाशीला असतात. तिच्या स्क्रीनचा फोटो मी त्यांना पाठवला होता, आत्ताच त्यांचा फोन येऊन गेला. त्यांना ते अक्षर कुठल्या कळीवर आहे ते विचारायचं होतं.