वाहतं पाणीच लागते या माशाला

रविवारी सकाळी मासे आणायला गेलो होतो, नऊलाच डोकं तापून गेलं होतं. मावशीच्या टबात मागूर मिशा हलवत वळवळून राहिले होते. मी आपलं विचारलं, "मावशी, वैनगंगेचे का?" तर ती म्हणे, "नाही जी भाऊ, टाक्यातले हाय. नदीत आता काय रायलं?" आणि वजन करायला लागली.

त्या मिशा पाहून मला आदल्या रात्रीचा मासा आठवला. लाइट गेली, कूलर बंद, झोप कशाची येते, मग मोबाईलवर वाचत बसलो. अलाबामा स्टर्जन. अमेरिकेतल्या अलाबामा राज्यातल्या मोबाईल नदीच्या खोऱ्यातला (हो, नदीचं नावच मोबाईल आहे बावा). बरेच स्टर्जन मोठे होऊन समुद्रात जातात आणि अंडी घालायला नदीत परततात, हा मात्र जन्मभर नदीतच राहणारा. लांबी जेमतेम हातभर, रंग पिवळसर-नारिंगी, नाक फावड्यासारखं चपटं आणि नाकाखाली झालरवाल्या चार मिशा. त्या मिशांनी तळ चाचपत जातो, किडे-अळ्या लागल्या की खालच्या बाजूचं तोंड नळीसारखं बाहेर काढून ओढून घेतो. अंगावर खवल्यांऐवजी हाडाच्या ढाली, त्याही पाच रांगांत, आणि आतला सांगाडा मात्र बराचसा कूर्चेचा, म्हणजे आपल्या कानाच्या वरच्या भागात असते तशी. डायनासोरच्या काळापासूनचं खानदान आहे हे.

1898 च्या सरकारी नोंदीत या भागातून एका वर्षात सुमारे 19 हजार किलो स्टर्जन पकडल्याचं आहे. आणि वेगळी जात म्हणून याला शास्त्रीय नाव कधी मिळालं, तर 1991 मध्ये! तोवर मासा जवळपास संपलाच होता. 2000 मध्ये तिथल्या सरकारने धोक्यातला म्हणून यादीत टाकला. 2007 च्या एप्रिलमध्ये एक सापडला, त्याच्या पोटात ट्रान्समीटर बसवून परत सोडला, त्यानंतर जाळ्यात कोणालाच नाही.

आधी वाटलं लोकांनी खाऊन संपवला असेल. खाल्लाच, पण खरी गंमत (गंमत कसली म्हणा) पुढे आहे. याची मादी वाहत्या पाण्यात कडक तळावर अंडी घालते, तेही दरवर्षी नाही, आणि अंड्यातून निघालेलं पिल्लू पोहत नाही, प्रवाहासोबत नुसतं वाहत जाते. किती दूर? याचा मोठा भाऊबंद पॅलिड स्टर्जन, मिसुरी नदीतला, त्याची पिल्लं शेकडो किलोमीटर वाहतात. मधे धरण आलं की पाणी थांबते, गाळ बसतो, त्या गाळाजवळ ऑक्सिजन उरत नाही आणि पिल्लू नेमकं तिथंच तळाला जाऊन पडते. मिसुरीवर हे मोजून पाहिलेलं आहे. म्हणजे धरणाची भिंत माशाला मारत नाही, भिंतीमागचं उभं पाणी मारते. आणि अलाबामा नदीवर 1960-70 च्या सुमारास एकामागोमाग तीन धरणं झाली.

हे फोनवर पवनीच्या मामाला सांगितलं. त्याचं घर वैनगंगेवरच्या गोसीखुर्दपासून फार दूर नाही, तेहतीस गेटचं धरण रोजचं पाहण्यातलं. म्हटलं मामा, पाणी आहे पण नदी नाही, असं होते का? तर म्हणे, "बे, ते आम्हाले काय विचारतो, पाण्याले विचार. पहिले भर उन्हाळ्यात रात्री खाटेवर पडलं तरी नदीचा आवाज यायचा, आता पाणी डबल आहे अन् आवाज नाही." मग लगेच विषय बदलून आंब्याच्या लोणच्यावर गेला.

एक गोष्ट राहिली. नंतर शास्त्रज्ञांनी अलाबामा नदीचं पाणी बाटल्यांत भरून तपासलं, मासा पाण्यात जे डीएनए सोडतो ते शोधायला, आणि काही ठिकाणी या स्टर्जनचं सापडलंही. मासा काही दिसला नाही. म्हणजे तो कुठेतरी तळाशी अजून मिशा फिरवत असेल, दोन-चार, की दहा-वीस, कोण मोजणार.