कलिंग सुपर कप २०२५: भुवनेश्वरवारी

फुटबॉलच्या बाद फेरीच्या स्पर्धेला जाताना तिकीट संघ पाहून नाही, ड्रॉ (कोणत्या फेरीत कोणाची गाठ कोणाशी) पाहून काढायचं. भुवनेश्वरला २० एप्रिल ते ३ मे २०२५ या काळात सोळा संघ आणि प्रत्येक संघाला फेरीत एकच सामना, हरला की बाहेर, असा मामला होता. ईस्ट बंगाल गतविजेता म्हणून आला आणि पहिल्याच संध्याकाळी केरळा ब्लास्टर्सकडून ०-२ हरून घरी गेला. त्यांच्यासाठी पूर्ण आठवड्याची खोली घेतलेल्यांनी मग काय करावं? चर्चिल ब्रदर्सनी तर माघारच घेतली, त्यामुळे मोहन बागानला पुढे चाल मिळाली आणि एक सामना झालाच नाही.

सगळ्यात भरघोस दिवस २६ आणि २७ एप्रिल. उपांत्यपूर्व फेरीचे चार सामने दोन दिवसांत, रोज दोन. एफसी गोवाने पंजाबविरुद्ध अगदी शेवटच्या मिनिटांत दोन गोल करून २-१ असा सामना फिरवला तो २६ च्या रात्री. सुट्टी कमी असेल तर हेच दोन दिवस धरा. ३० तारखेला दोन्ही उपांत्य सामने होते, पण त्यानंतर अंतिम सामन्यापर्यंत दोन दिवस रिकामे. त्यात पुरी-कोणार्क आरामात होतं.

मुंबई, पुणे, सोलापूरहून थेट गाडी म्हणजे कोणार्क एक्स्प्रेस: दोन रात्री आणि मधला अख्खा दिवस. वास्कोहून अमरावती एक्स्प्रेस आहे, पण ती रोज नसते, वार बघून घ्या. आरक्षण ६० दिवस आधी उघडतं. जातानाचं तिकीट तेव्हाच काढा. परतीचं उपांत्य फेरीनंतरचं काढलंत तर संघ हरल्यावर लगेच रद्द करा, गाडीची वेळ जवळ येईल तशी कापली जाणारी रक्कम वाढते.

मुक्काम जयदेव विहार किंवा नयापल्लीत घ्या, कलिंग स्टेडियम तिथून जवळ पडतं. कलिंगच्या आवारात हॉकीचं मैदानही आहे, तेव्हा रिक्षावाल्याला ‘फुटबॉल’ असं स्पष्ट सांगा आणि तिकिटावरचा गेट नंबर आधी वाचा. पॉवर बँक आणि पाण्याची बाटली तपासणीत अडकू शकते, खोलीवरच ठेवा.

दुपारी साडेचारचा सामना एप्रिलच्या उन्हात अंग भाजून काढतो. आधी पोटभर पाणी, शक्य तर सावलीची बाजू. दुपारच्या जेवणाला पखाळ, म्हणजे पाण्यात भिजवलेला भात, यासारखा उतारा नाही. संध्याकाळी वळवाचा पाऊस वाऱ्यासकट येतो. छत्री कुचकामी, पातळ रेनकोट ठेवा.

अंतिम सामन्यात गोव्याने जमशेदपूरला ३-० हरवलं: बोर्हा एरेराचे दोन, देयान द्राझिचचा एक. २०१९ नंतर दुसऱ्यांदा कप, आणि दोनदा जिंकणारा हा पहिलाच क्लब. आशियातल्या क्लबांच्या एएफसी चॅम्पियन्स लीग टू या स्पर्धेच्या पात्रता सामन्याचं दारही या विजयानेच उघडलं.

पुढच्या मोसमात स्पर्धा गोव्यात आली आणि स्वरूप बदललं: आधी गट, मग गटातला फक्त पहिला उपांत्य फेरीत. तिथे प्रत्येक संघाचे किमान तीन सामने पक्के, म्हणजे संघ धरून तिकीट काढायला हरकत नाही. मात्र सामने फातोर्डा आणि बांबोळी अशा दोन मैदानांवर होते. फातोर्डा मडगाव स्टेशनजवळ, बांबोळी पणजीकडे, मध्ये सुमारे तीस किलोमीटर. दिवसा कदंबची (गोव्याची सरकारी बस) शटल चालते, पण रात्रीच्या सामन्यानंतर तिच्यावर विसंबू नका, परतीची गाडी आधीच ठरवा.